खेळ हीच नोकरी : नागपूरचे सी. के. नायडू

दिवाळी झाली, धान कापून झाला की आपल्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो आणि तिच्या मागोमाग टेनिस बॉलच्या सामन्यांचा. प्रतापगड घ्या, अर्जुनी मोरगाव घ्या, नाहीतर थेट गोंदिया शहर, जिथे तिथे चौकात फ्लेक्स लागतात. रिकाम्या बांध्यांत पिच तयार होतं. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो कुणाचा असतो? खेळाडूचा नाही, पहिलं बक्षीस देणाऱ्याचा. उद्घाटनाचा पहिला चेंडूही तोच खेळतो आणि तो कधीच आऊट होत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता कल्पना करा, की बक्षीस देणारा तो माणूस पहिला चेंडू खेळून मंडपात परत गेलाच नाही. तो म्हणाला, टीमचा कॅप्टनही मीच. भारताच्या क्रिकेट संघात हे खरोखर घडलेलं आहे. ज्याच्या जागेवर तो बसला तो माणूस आपल्या विदर्भातला, नागपूरचा होता. नाव कोट्टारी कनकैया नायडू. क्रिकेटमध्ये त्यांना सगळे ‘सी. के.’ म्हणत. भारताचा पहिला कसोटी कर्णधार म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तुम्ही हे नाव एका ओळीत पाठ केलं असेल. त्या ओळीत काही मावत नाही, म्हणून हा लेख.

जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर. तेव्हा नागपूर मध्य प्रांताचं मुख्य ठिकाण होतं आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. घराणं मूळचं तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेलं. आजोबा वकील, वडीलही कायद्याच्या क्षेत्रातले, जमीनजुमला भरपूर. म्हणजे ‘गरिबीतून वर आलेला खेळाडू’ ही नेहमीची गोष्ट इथे नाही. लहानपणी खायची भ्रांत नव्हती. प्रश्न वेगळा होता. मोठं होऊन करायचं काय? वकिलाच्या घरातला मुलगा वकील व्हायचा, नाहीतर सरकारी नोकरी धरायची. चेंडूफळी हा फावल्या वेळाचा नाद. त्यावर आयुष्य काढतो म्हणणं म्हणजे घरच्यांना घोर लावणं. (हे आजही फार बदललंय असं नाही. घरी बोलून पाहा.)

त्या काळात क्रिकेट खेळून जगायचं तर रस्ते तरी किती होते? भारतातल्या सर्वांत थोर गोलंदाजांपैकी एक, पळवणकर बाळू, पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळायचे आणि साहेब लोकांना सरावाला चेंडू टाकायचे. दलित असल्यामुळे चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक होते, पण त्यांना मैदानात उतरायला वेगळं दार आणि कपडे बदलायला वेगळी खोली. हौशी ते ‘जंटलमन’, पैसे घेणारे नुसते ‘प्लेयर’. तिकडे अमेरिकेत मात्र १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाने उघड उघड सगळ्यांना पगार देऊन टाकला. त्या संघाचा म्होरक्या हॅरी राइट मैदानाच्या मागच्या बाजूला, मधोमध उभा राहायचा. गंमत अशी, की हा राइट जन्माने इंग्रज आणि त्याचे वडील न्यूयॉर्कच्या एका क्लबात पगारी क्रिकेटपटू. क्रिकेटवाल्याच्या पोराने बेसबॉलला पगाराची वाट दाखवली आणि क्रिकेट मात्र पुढे कितीतरी वर्षं पैशाचं नाव काढलं की नाक मुरडत राहिलं. भारतात तर तसा पगारी संघही नव्हता. इथे होते राजे-महाराजे.

सी. कें.चं शिक्षण नागपुरात, हिस्लॉपमध्ये झालं. उंच, सडसडीत, काटक अंग. १९१६ मध्ये ते पहिल्यांदा मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. तेव्हा संघ धर्मावर पडायचे: हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन. आज वाचायला विचित्र वाटतं, पण देशातलं सगळ्यात गाजणारं क्रिकेट तेच होतं. हिंदूंचे ७९ धावांत ७ गेलेले, वीस वर्षांचा नवखा पोरगा आत आला, तीन चेंडू नीट अडवले आणि चौथा सीमेबाहेर, थेट षटकार. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांचा नमुनाच त्या चार चेंडूंत होता: आधी बघायचं, मग उचलायचं.

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं. हुद्दा दिला होळकर सैन्यात कॅप्टनचा. पुढे ते कर्नल झाले आणि नावाआधी ‘कर्नल’ कायमचं चिकटलं. पण त्यांना इंदूरला आणलं ते कुठल्या लढाईसाठी नाही, बॅट चालवण्यासाठी. पगार सैन्याचा, काम क्रिकेटचं. आजच्या भाषेत सांगायचं तर रेल्वेत किंवा पोलिसात स्पोर्ट्स कोट्यातून लागतात ना, तशी ही नोकरी, फक्त देणारा राजा. व्यवस्था चांगलीच होती. घर चाललं, सराव चालला, मैदान मिळालं. पण ती राजाच्या मर्जीवर उभी होती, आणि क्रिकेटच्या जगात राजे एक नव्हते, अनेक होते. प्रत्येकाची मर्जी वेगळी.

मग १ डिसेंबर १९२६ उजाडला. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला होता. मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाशी सामना. एमसीसीने ३६३ केल्या, त्यात गाय अर्ल नावाच्या गड्याने आठ षटकार ठोकले. पाहुण्यांनी ताकद दाखवली, आता यजमान काय करणार? सी. के. उतरले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा. त्यात ११ षटकार आणि १३ चौकार. षटकार-चौकारांच्या धावांची बेरीज करून पाहा: ६६ आणि ५२, म्हणजे ११८. पळून काढलेल्या धावा उरतात जेमतेम ३५. बातमी शहरात पसरली तशी लोकं ऑफिस सोडून मैदानाकडे धावली म्हणतात. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

हा एक डाव नुसता मनोरंजनाचा नव्हता. सत्ता इंग्रजांची, खेळ इंग्रजांचा, जिमखाना इंग्रजांचा, जिथे भारतीयाला सभासद होता येत नसे. त्याच मैदानावर एक नागपूरकर त्यांच्या गोलंदाजांना छपरावर भिरकावतोय, हे बघणाऱ्यांच्या मनात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. त्या दौऱ्यातला खेळ बघून गिलिगनने भारताने स्वतःचं मंडळ काढावं म्हणून जोर दिला. १९२८ मध्ये बीसीसीआय स्थापन झालं आणि चार वर्षांत कसोटीचं दार उघडलं.

१९३२ चा इंग्लंड दौरा. पहिला कसोटी संघ जाणार, तर कर्णधार कोण? सगळ्यात चांगला खेळाडू, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाचा हिशोब वेगळा होता: सगळ्यात मोठा संस्थानिक. पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले, लिंबडीचे राजकुमार घनश्यामसिंहजी उपकर्णधार. महाराज माणूस भला, पण बॅटशी त्यांचं जमायचं नाही. अख्ख्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या धावा मोजून दोन. त्यांच्याकडे धावांपेक्षा रोल्स रॉइस गाड्या जास्त आहेत, हा विनोद तेव्हा इंग्लंडभर फिरला. पण या माणसाचं मोठेपण हे, की आपली ताकद ओळखून ते बाजूला झाले. लिंबडीकर जखमी होते. कसोटीचं नेतृत्व सी. कें.कडे आलं.

आणि आलं तेही सरळ नाही. कसोटीच्या आदल्या रात्री संघातल्या काहींनी त्यांच्या हाताखाली खेळायला नकार दिला, असं त्या दौऱ्याच्या वर्णनांत येतं. राजाच्या हाताखाली खेळणं चालतं, आपल्यातल्याच एकाच्या हाताखाली नको. भारतातून पतियाळाच्या महाराजांची तार गेली आणि प्रकरण मिटलं. म्हणजे खेळाडूला कर्णधार करायलाही शेवटी एका महाराजाचाच शब्द लागला! सी. के.ही काही गोड बोलून मनं जिंकणारे नव्हते. शिस्त कडक, बोलणं तुटक, चूक झाली तर तोंडावर सांगणार. अनेकांना ते घमेंडखोर वाटत. मला विचाराल तर त्यांचं निम्मं नुकसान त्यांच्या या स्वभावाने केलं, आणि त्याच स्वभावाने त्यांना पुढे पन्नाशीपार खेळवलंही.

२५ जून १९३२, लॉर्ड्स. इंग्लंडची सलामीची जोडी होम्स आणि सटक्लिफ. या दोघांनी दहा दिवसांपूर्वीच यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागीदारी केली होती. आणि पहिल्याच कसोटीच्या पहिल्याच सकाळी मोहम्मद निसारने दोघांचे त्रिफळे उडवले. मग वूली धावबाद. इंग्लंड ३ बाद १९! पुढे ते सावरले आणि २५९ पर्यंत गेले. क्षेत्ररक्षण करताना झेलाच्या प्रयत्नात सी. कें.चा हात दुखावला. तो सुजलेला हात घेऊन ते फलंदाजीला आले आणि पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. भारत १५८ धावांनी हरला. पण इंग्रजी वर्तमानपत्रांना जे कळायचं ते कळलं.

दौऱ्यात त्यांच्या १,६१८ धावा आणि ६५ बळी. मे महिन्यात लॉर्ड्सवरच एमसीसीविरुद्ध नाबाद ११८. बर्मिंगहॅमला त्यांनी मारलेला एक षटकार मैदानाबाहेरच्या री नदीपर्यंत गेला म्हणे. त्या नदीतून दोन परगण्यांची हद्द जायची, म्हणून चेंडू एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात मारला अशी दंतकथाच झाली. १९३३ च्या विस्डेनने वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्यांचं नाव घातलं. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. सदतीस! या वयात आज लोकं निवृत्तीची पोस्ट टाकतात. म्हणजे ज्या वर्षांत माणूस सगळ्यात चपळ असतो, त्या वर्षांत या माणसासाठी कसोटी क्रिकेट अस्तित्वातच नव्हतं. त्यांची सात कसोटींतली २५ ची सरासरी बघून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी त्याच मुंबई जिमखान्यावर झाली. कर्णधार सी. के. दुसऱ्या डावात कोवळ्या लाला अमरनाथांनी ११८ केल्या, समोर सी. कें.च्या ६७, दोघांची भागीदारी १८६. सामना गेला, मालिकाही गेली. पण घरच्या मैदानावर कसोटी शतक म्हणजे काय असतं, ते लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

आता तो बक्षीसवाला. विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे ‘विझी’ म्हणत. माणसाकडे पैसा अमाप आणि क्रिकेटचं वेड खरं. हॉब्ज आणि सटक्लिफसारख्यांना बोलावून त्यांनी आपल्या संघातून भारतात खेळवलं होतं. मंडळातल्या लोकांना, व्हाइसरॉयला खूश ठेवणं हे त्यांचं खरं कसब. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपदाचं मतदान झालं आणि विझी निवडून आले. सी. के. त्यांच्या हाताखाली साधे खेळाडू. दौऱ्यात लाला अमरनाथांना बेशिस्तीच्या नावाखाली परत पाठवलं गेलं. बाका जिलानी नावाच्या गोलंदाजाने म्हणे नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांसमोर सी. कें.ना वाटेल ते बोलून दाखवलं आणि बदल्यात त्याला कसोटीची टोपी मिळाली. ही गोष्ट इतक्यांनी इतक्यांदा सांगितली आहे, की ती त्या संघाची ओळखच झाली. त्याच दौऱ्यात विझींना ‘सर’ हा किताब मिळाला. तीन कसोटींत त्यांच्या धावा ३३.

सी. के. हे सगळं सोडून परत का आले नाहीत? त्यांनी ते कुठे लिहून ठेवलेलं मला आढळलं नाही, म्हणून त्यांच्या तोंडी काही घालत नाही. एवढं दिसतं, की राजाच्या पगारावर असलेला माणूस राजघराण्यातल्या कर्णधाराविरुद्ध बोलून जाणार कुठे? त्यांनी उत्तर दिलं ते ओव्हलवर. ऑगस्ट १९३६, शेवटची कसोटी. दुसऱ्या डावात गबी ॲलनचा जोरदार चेंडू अंगावर बसला, ते कळवळले, उभे राहिले आणि ८१ करून गेले. कसोटीतली त्यांची ही सर्वोच्च धावसंख्या, आणि हाच त्यांचा शेवटचा कसोटी डाव. पुढे महायुद्ध आलं. भारत पुन्हा कसोटी खेळला तेव्हा सी. के. पन्नाशीत होते.

दुसऱ्या कुणाची कहाणी इथे संपली असती. सी. कें.ची इथून रंगते, आणि खरं तर मला त्यांचा हाच काळ जास्त आवडतो. इंदूरला परत येऊन त्यांनी होळकर संघ बांधला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, नागपूरचेच हिरालाल गायकवाड, धाकटे भाऊ सी. एस. नायडू. १९४४-४५ पासूनच्या नऊ मोसमांत हा संघ आठ वेळा रणजीच्या अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा जिंकला. मुंबईला भिडणारा संघ म्हणजे होळकर, असं समीकरण झालं. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध सी. एस. नायडूंनी ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात, एका माणसाने! त्याच सामन्यात होळकरकडून खेळणाऱ्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या. एका शेटजीने त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेला शंभर रुपये कबूल केले होते म्हणतात. डाव संपवून कॉम्प्टन परत आला तर शेटजी महत्त्वाच्या कामाला बाहेरगावी गेलेले! बक्षीस देणाऱ्यांची ही जातही जुनीच आहे, बरं का.

पुढच्याच मोसमात, १९४६ च्या अंतिम सामन्यात, पन्नास वर्षांच्या सी. कें.नी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या आणि होळकरने पहिल्यांदा रणजी उचलली. १९५१-५२ मध्ये मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू थेट तोंडावर बसला. दोन दात खेळपट्टीवर पडले. छप्पन्न वर्षांचा हा गृहस्थ, त्याने बॅटने दात बाजूला सारले, उपचाराला नकार दिला आणि फडकरांना वेग कमी करू नकोस असं बजावलं. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा मैदानावर नव्हती.

मधल्या काळात १९४१ मध्ये त्यांनी बाथगेट नावाच्या लिव्हर टॉनिकची जाहिरात केली. एखाद्या वस्तूसाठी आपलं नाव देणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. आज आयपीएलच्या प्रत्येक ओव्हरमागे जाहिरात असते, तिचं मूळ शोधायला गेलात तर हे टॉनिकचं बाटलीभर औषध सापडेल. राजाच्या पगाराबाहेर, स्वतःच्या नावावर मिळालेला तो पैसा होता.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, कर्नलचा हुद्दा देणारं सैन्यच उरलं नाही. पण खेळ सुटला नाही. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, हा मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. पद्मभूषण मिळालं म्हणजे माणूस शाल-श्रीफळ घेत बसतो. हे त्याच वर्षी, एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळायला उतरले आणि अर्धशतकही केलं. निवड समितीचं काम, रेडिओवरचं समालोचन हे चालू होतंच. १९६३ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, ते महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या संघाकडून मुख्यमंत्र्यांच्या संघाविरुद्ध निधीसाठीच्या सामन्यात खेळले. प्रथम श्रेणीतली त्यांची ही कारकीर्द १९१६ पासून धरायची. एकूण २०७ सामने, ११,८२५ धावा, ४११ बळी.

१४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्ये ते गेले. त्यांची मुलगी चंद्रा नायडू पुढे देशातल्या सुरुवातीच्या महिला क्रिकेट समालोचकांत मोडल्या आणि त्यांनी वडिलांचं चरित्रही लिहिलं. बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार सी. कें.च्या नावाने आहे आणि राज्यांच्या २३ वर्षांखालील मुलांची स्पर्धाही. विदर्भाचा २३ वर्षांखालचा संघ दरवर्षी ती सी. के. नायडू ट्रॉफी खेळतो. त्या संघात निवड झालेल्या मुलाला आज मॅच फी मिळते, बँक खात्यात, मंडळाकडून, आणि तिच्यासाठी कुणा महाराजाची तार यावी लागत नाही.